मागून वाचलेली फाईल

आकडेबाई फाईल मागून वाचतात.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या यंत्राला लागून त्यांची खोली. खिडकी नाही. एक टेबल, एक संगणक, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर कायम फायली बसलेल्या. प्रत्येक आजाराला एक ठरलेला क्रमांक असतो. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि तो क्रमांक द्यायचा, एकोणीस वर्षं हेच काम. त्यांचे यजमान म्हणतात, "शेजाऱ्यांची नावं हिला आठवत नाहीत. त्यांच्या गुडघ्यांचे नंबर मात्र तोंडपाठ!"

मागून वाचण्याची सवय पहिल्या वरिष्ठ बाईंनी लावली. त्या म्हणायच्या, "पुढे डॉक्टर लिहितात, ते सगळे वाचतात. मागे नर्स लिहिते, ते कुणी वाचत नाही."

आकडेबाईंच्या हाताखालून फाईल गेल्याशिवाय रुग्णाला घरी सोडायचं नाही, असा तिथला नियम. त्या दिवशी अकरा वाजता एक फाईल आली. गरोदरपणाचा तेहतिसावा आठवडा. बाळाची वार खाली, गर्भाशयाचं तोंड पूर्ण झाकून बसलेली. दोन दिवस नुसती देखरेख. डॉक्टरांचा शेरा होता: रक्तस्राव नाही, घरी जाऊ द्यावं. घर दोन तासांवर.

शेवटच्या पानावर पहाटेच्या नर्सची एक ओळ. 'कपड्यावर ताजा लाल डाग, तळहाताएवढा. दुखत नाही.'

नर्सच्या ओळीवरून क्रमांक देता येत नाही. डॉक्टरांनीच लिहायला हवं. आकडेबाईंनी वर फोन केला. कुणी उचलला नाही. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकलेली. आकडेबाई तीन जिने चढल्या. स्वतःच्या गुडघ्यांचा नंबरही त्यांना ठाऊक होता.

वॉर्डात पिशवी भरून तयार होती. रुग्णाच्या सासूबाई चपला घालून बसल्या होत्या.

"डाग दिसला होता ना, बाळा?" आकडेबाईंनी सुनेला विचारलं.

"हो. पण डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का? मी नाही म्हटलं." ती खाली बघत होती. "मोठी लेक घरी वाट बघतेय हो."

"दुखत नाही तर कसला त्रास?" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, या दुखण्यात दुखतच नाही. तीच तर त्याची खोड आहे."

डॉक्टर बाहेर रुग्ण तपासत होते. चिडलेच. "बाई, एका आकड्यासाठी तीन जिने?"

"एकाच आकड्यासाठी. रक्तस्राव नसेल तर क्रमांकाच्या मध्ये शून्य, असेल तर एक. शून्य लिहिला तर ती आत्ता गाडीत बसेल."

त्यांनी फाईल घेतली. उलटी केली. शेवटचं पान वाचलं.

"मला कुणी सांगितलं नाही."

"लिहिलं होतं."

डॉक्टर उठून वॉर्डात आले आणि भराभर बोलू लागले. पिशवी उतरवा. आतून तपासणी कुणीही करायची नाही. रक्त जुळवून तयार ठेवा. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन सुरू करा.

"एवढ्याशा डागाचा केवढा गवगवा!" सासूबाई फणकारल्या. "राईचा पर्वत!"

"असू दे," आकडेबाई म्हणाल्या. "पर्वत इथेच बसू दे. चूक निघाली तर शिव्या द्यायला या. मी तळमजल्यावर असते."

तिसऱ्या दिवशी दुपारी, चहाचे कप फिरत असताना, चादर एकदम लाल झाली. दुखलं तेव्हाही नाही. शस्त्रक्रियेची खोली त्याच मजल्यावर, चाळीस पावलांवर. जुळवलेलं रक्त हाताशी. मुलगी झाली, दोन किलोला थोडी कमी. रडली. तेवढं पुरे होतं.

दोन आठवड्यांनी फाईल परत आली, चांगली जाडजूड. पहिल्या पानावर डॉक्टरांनी 'रक्तस्रावासह' असं ठळक लिहिलं होतं. तरी आकडेबाईंनी ती मागूनच उघडली. शेवटची ओळ: 'बाळ अंगावर पितं. आई हिंडतेफिरते.' त्यांनी मध्ये एक लिहिला.

दारात कुणीतरी धापा टाकत होतं. सासूबाई.

"शिव्या द्यायला आलात?"

"हो तर! माणसाने इतकं खाली बसावं? सापडता सापडेना."

आकडेबाईंनी दुसऱ्या खुर्चीवरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि सुरुवातीपासून सांगा."