शेवटचं ‘नाही’ कापलं गेलं

अमरावतीत घरी बसून मी लोकांच्या वेबसाइटसाठी मेटा डिस्क्रिप्शन लिहिते. म्हणजे इंटरनेटवर काही शोधलं की नावाखाली जे दोन ओळींचं वर्णन दिसतं, ते. त्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्यांना मी आधी दोन ओळी लिहून दाखवा म्हणते. बहुतेक जण चहा मागतात.

चिखलदऱ्याला माझ्या आत्याचं घर आहे. आतोबा गेल्यावर तिनं तीन खोल्या पर्यटकांसाठी उघडल्या. त्या रिकाम्या राहायला लागल्या, तेव्हा तिच्या पुण्याच्या मुलानं बजावलं, की या हंगामात पाहुणे आले नाहीत तर कुलूप लावून इकडे यायचं. आत्याला जायचं नव्हतं. मलाही तिला जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून तिच्या वेबसाइटचं वर्णन मी हौसेनं अंगावर घेतलं.

‘‘लय काई लिहू नको वं,’’ ती फोनवर म्हणाली. ‘‘टीव्ही हाये, रेंज हाये, वायफाय हाये. झालं.’’

इतकं कोरडं लिहिणं माझ्या जिवावर आलं. मी लिहिलं: ‘चिखलदऱ्याच्या थंड हवेत, दरीच्या काठावर घरगुती मुक्काम आणि चुलीवरचं जेवण. टीव्ही नाही, मोबाइलला रेंज नाही, वायफाय नाही, असं म्हणायची वेळ पाहुण्यांवर येणार नाही.’ स्वतःवरच खूश होऊन मी जेवायला बसले.

थोड्याच दिवसांत आत्याचा फोन आला. ‘‘काहून वं, माह्या घराची बदनामी करून राहिली तू? टीव्ही नाई म्हणते?’’

मी लगेच मोबाइलवर शोधून पाहिलं. लांब वर्णन मध्येच कापलं जातं, हे मी जगाला शिकवते. आणि आपल्या मराठीत वाक्याचा जीव असतो शेवटच्या शब्दात. नेमका तोच उडाला होता. ‘टीव्ही नाही, मोबाइलला रेंज नाही, वायफाय नाही’, पुढे नुसती टिंबं.

‘‘आत्ताच्या आत्ता बदलते, आत्या.’’

‘‘थांब. अकोल्याचे लोक येऊन राह्यले शनिवारी. पोरं मोबाइलपासून सुटतीन म्हणून. तिन्ही खोल्या पाह्यजे त्यायले.’’

शनिवारी सकाळीच मी चिखलदरा गाठलं. टीव्ही आम्ही गोधड्यांत गुंडाळून कोठीत ठेवले, वायफायचा डबा बंद केला. रेंजचं काय करावं ते सुचेना. पण पाहुण्यांनी आल्याआल्या आपणहून सगळ्यांचे फोन बंद करून पिशवीत टाकले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

जेवणं रंगात असताना आत्याच्या कमरेला खोचलेला फोन ठणाणा वाजला. सगळे हातात भाकरी धरून तिच्याकडे बघायला लागले. ती जी पळाली, ती थेट परसातल्या कॉफीच्या झाडांमागे. हसू दाबत मीही मागे धावले. फोन मुलाचा होता. पुण्याला कधी निघतेस, असं तो विचारत होता.

‘‘हळू बोल बाबू, इथं रेंज नाई,’’ आत्या कुजबुजली. ‘‘अन् मले येता येत नाई. घर भरलं हाये माहं.’’