अंबाडीचा दोर

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि तिचा तर समज आहे की माझं सगळं तिला ठाऊक आहे.

परवा अकोल्यात पुन्हा माझा सत्कार झाला. कॉलेजात असताना सलीम आणि मी तापीतून नावेनं गेलो होतो, त्या धाडसाबद्दल. जुन्या काळी लोक मेळघाटातल्या सागाचे तराफे बांधून त्याच खडकाळ धारांतून उतरायचे, असं ऐकलं होतं. आपणही उतरून दाखवू — ही आमची मस्ती. भाषणात मी नेहमीप्रमाणे दोर तुटल्याचं सांगितलं. समोर सलीम बसला होता, अधू पाय पुढे पसरून. त्यानं मान डोलावली.

दोर — सगळं तिथंच अडलंय. सलीमचे वडील, आमचे चाचा, अंजनगावला अंबाडीचे दोर वळायचे. आमच्यासाठी त्यांनी एक जाड दोर खास वळून दिला होता. धार अवघड असली की एकानं नावेत बसायचं आणि दुसऱ्यानं काठावरून दोर सैल करत नाव हळूहळू खाली सोडायची, अशी रीत. दोराचे आटे झाडाला द्यायचे, म्हणजे ओढ झाड सोसतं. नावेत चढताना सलीम मला बजावून गेला, "झाडाले दोन आटे दे, मंग सोड!"

मी दिले नाहीत. का? झाड जरा मागं होतं, आणि मला वाटलं — एवढं काय त्यात, मनगटात जोर आहे की आपल्या. नाव खडकांमध्ये शिरली तसा दोर हातातून सरसर निघाला. तळवे सोलले. मी पाण्याकडे ओढला जाऊ लागलो आणि घाबरलो. मी दोर सोडला. तो तुटला नाही — मी सोडला.

नाव फुटली, सलीमचा पाय खडकात सापडला. खालच्या गावच्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. दोर नावेबरोबर वाहून गेला होता, मग खरंखोटं करणार कोण? दोर तुटला, असं मीच आधी ओरडून सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

सलीम लंगडत का होईना, मजेत जगला. चाचांनी मात्र त्यानंतर अंबाडीला हात लावला नाही. पिढीजात काम त्यांच्यापाशीच थांबलं. आता ते नाहीत.

नाव फुटली त्या संध्याकाळी दवाखान्यात चाचा माझ्या शेजारी येऊन बसले. माझे सोललेले तळवे मांडीवर घेऊन हळद लावत राहिले. म्हणाले, "बेटा, माहाच दोर कच्चा निंगाला. तू त पकडून राह्यला होता. मले माफ कर."

मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणालो — जाऊ द्या, चाचा.

मी त्यांना माफ केलं.