डॉक्टरीणबाई कॉलेज निवडतात

"तुमचं काय म्हणणं?"

पेशंट समोर बसला की बाई गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवायच्या आणि हे विचारायच्या. पेशंट गोंधळायचा. डॉक्टरने जीभ बघायची, नाडी बघायची आणि आपण मान डोलवायची, एवढंच त्याला माहीत. "माझं काय म्हणणं असणार, ताप आलाय," तो म्हणायचा. "ते कळलं. पण कशाने आला असेल, असं तुम्हाला वाटतं?" हे ऐकू आलं की बाहेर बाकावरची मंडळी उसासे टाकायची, कारण आता आपला नंबर लवकर लागत नाही हे त्यांना कळायचं.

भांडुप स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर बाईंचा दवाखाना आणि माझा टायपिंगचा क्लास समोरासमोर होते. मधे व्हरांडा, आणि व्हरांड्यात पेशंटांचा लांबलचक बाक. ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझ्या मशिनांच्या खडखडाटाचा पेशंटांना त्रास आणि पेशंटांच्या गप्पांचा मला, त्यामुळे हिशेब सरळ होता.

एकदा माझी पाठ धरली म्हणून मी बाईंकडे गेलो. त्यांनी मलाही तेच विचारलं. मी वैतागून म्हटलं, "खुर्ची. दुसरं काय?" त्या उठल्या, तडक माझ्या क्लासमध्ये आल्या, माझ्या खुर्चीत बसल्या आणि माझ्याच मशीनवर दोन ओळी बडवून म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." क्लासमधल्या पोरी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी खुर्ची बदलली आणि पाठदुखी थांबली. फी मात्र त्यांनी घेतली.

एका पेशंटने मात्र बाईंना पार हैराण केलं होतं. भांडुप गावातली हिराबाय, मासे विकणारी कोळीण. अंगात रक्त कमी, चार पायऱ्या चढली की धाप. बाई तिला लोहाच्या लाल गोळ्या द्यायच्या. हिराबाय त्या पदराच्या गाठीत बांधायची, जाताना घरच्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगांची जुडी टेबलावर ठेवायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तशीच पांढरीफटक होऊन यायची. "गोळ्या घेता ना?" "घेतंय की." बाईंनी कंपनी बदलली, गोळ्या वाढवल्या, तिचं काय म्हणणं आहे तेही दर खेपेला विचारलं. "आमचा काय म्हनना, तू देवासारकी हायस," एवढंच हिराबाय म्हणायची. शेंगांची आमटी बाकी फर्मास व्हायची. एक जुडी आमच्याकडेही यायची.

मग एके दिवशी बाई हातात चार-पाच जाडजूड माहितीपत्रकं घेऊन क्लासमध्ये आल्या. परदेशातल्या युनिव्हर्सिट्यांची, गुळगुळीत कागदाची.

"सर, अर्ज टाइप करायचेत. मेडिकल अँथ्रॉपॉलॉजी."

"म्हणजे काय हो?"

"माणूस आजारी पडला की त्याला काय वाटतं, तो कोणाकडे जातो, कोणाचं ऐकतो, का ऐकत नाही, याचा अभ्यास."

"म्हणजे तुम्ही रोज करता तेच."

"मी अंदाजाने करते," त्या म्हणाल्या. "आणि माझे अंदाज चुकतात."

वय चाळिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, मुलुंडला भावाच्या घरी राहणं, आणि हातात चांगला चाललेला दवाखाना. तो बंद करून वर्गात बाकड्यावर जाऊन बसायचं? मी मशीनमध्ये कागद जरा जोरातच घातला. ते 'मेडिकल अँथ्रॉपॉलॉजी' मी इतक्या वेळा टाइप केलं की माझी बोटं ते झोपेतही बडवायची, असं बायको सांगायची.

उत्तरं आली. काहींनी नाही म्हटलं, दोघांनी हो. एक कॉलेज अमेरिकेतलं, मोठ्या नावाचं, स्कॉलरशिपसकट. पण तिथल्या प्रोफेसरांचं काम दुसऱ्याच देशात चालायचं, आणि बाईंनाही तिथेच जाऊन अभ्यास करावा लागणार होता. दुसरं कॅनडातलं, लहानसं. दोन वर्षं वर्गात बसा, मग एक वर्ष तुम्हाला हवं त्या गावी जाऊन लोकांत राहा. महिनाअखेर कळवायचं होतं.

तुम्ही-आम्ही असतो तर घरातल्यांना विचारलं असतं, फार तर एखाद्या शिकलेल्या माणसाला. बाईंनी दोन्ही माहितीपत्रकं बाकावर आणून ठेवली आणि पेशंटांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

मग काय, बाकाला काम मिळालं. रोज बैठक. गिरणी बंद पडल्यापासून खोकल्याच्या निमित्ताने येऊन बसणारे परबकाका अध्यक्ष. "माका इचारशात तर मोठ्या नावाचा बघा. मागसून लोक नावच इचारतत." एका गुजराती किराणावाल्यांचं मत थंडीवर होतं: कॅनडात माणूस गोठतो, त्यांच्या साडूने सांगितलंय. कोणी विचारलं, तिथे तांदूळ मिळतो का. एक आजी तर फोटोतल्या प्रोफेसरांचे चेहरे निरखून म्हणाली, "हा नको, ह्याला पित्त आहे." मीही अमेरिकेच्या बाजूने होतो, कारण त्यांच्या पत्राचा कागद जाड होता. असा कागद वापरणारी माणसं कामाला चोख असतात, हे मी बाईंना गंभीरपणे सांगितलं. त्यांनीही तितक्याच गंभीरपणे ऐकून घेतलं.

बाई सगळ्यांचं ऐकायच्या आणि ठरवत काहीच नव्हत्या. चेहरा उतरत चालला. माझी खात्री झाली की ह्या काही जात नाहीत, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

महिना संपत आला तेव्हा हिराबाय आली. माशांची रिकामी पाटी बाजूला ठेवून धापा टाकत बाकावर बसली. बाई दारात उभ्या होत्या. हिराबायने आधी परबकाकांचं भाषण ऐकलं, मग बाईंकडे बघून म्हणाली,

"सगल्यांना इचारतंस. तुजा काय म्हनना हाय?"

आता आठवतं तेव्हा वाटतं, इतक्या वर्षांत बाईंना हे कोणी विचारलंच नव्हतं. त्या दारातून पुढे आल्या, बाकाच्या कडेला टेकल्या आणि हळू म्हणाल्या, "मला तुमच्याचकडून शिकायचंय."

"मंग तिकरं कशाला जातंस? हय बस नि शिक."

"इथे मी डॉक्टर आहे, हिराबाय. डॉक्टरला कोणी खरं सांगत नाही. विद्यार्थीण म्हणून परत आले तर कदाचित सांगतील."

हिराबायने पाटी उचलली, पदराची गाठ चाचपली आणि जिना उतरून गेली. बाई माझ्याकडे वळल्या. "सर, कॅनडाला हो कळवा."

मी टाइप केलं. इतकं नीट पत्र मी आयुष्यात दुसरं टाइप केलं नसेल.

बाई गेल्या. दवाखाना एका तरुण डॉक्टरने घेतला. हुशार मुलगा, हात हलका, पण भारी घाईचा. बाक भराभर रिकामा व्हायचा. माझ्या क्लासला शांतता मिळाली आणि ती मला मुळीच आवडली नाही.

मधे तीन उन्हाळे गेले. एका सकाळी जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात स्टेथोस्कोप नाही. बाई माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या आणि दवाखान्यात न जाता बाकावर बसल्या, परबकाका आणि एका पोटदुखीवाल्याच्या मधे. परबकाका उठून जागा द्यायला लागले, तर म्हणाल्या, "बसा हो. मी आता शिकायला आलेय."

अशा त्या रोज यायच्या. पहिले काही दिवस लोक अवघडून बसायचे, मग बाईंच्या समोरून हात लांबवून एकमेकांना तंबाखू देऊ लागले. आणि एक दिवस हिराबाय आली. तशीच धाप, तोच पांढरा चेहरा. बाईंच्या शेजारी बसली, बराच वेळ पाटीची कड कुरवाळत राहिली.

"एक सांगू? तुज्या त्या लाल गोल्या मी कंदी खाल्ल्याच नाय."

बाई तिच्याकडे वळल्या.

"पयल्यांदा दोन खाल्ल्या, तं परसाकडं कालं जायला लागला. मना वाटला, आंगातला रगत जलून चाललाय. मंग शेवग्याच्या बुंध्याशी टाकाची. शेंगा कश्या लागाच्या, बगितल्यास ना?"

परबकाका खोकायचे थांबले. मला वाटलं, बाईंना वाईट वाटेल. इतकी वर्षं, इतक्या गोळ्या. पण बाई हसायला लागल्या, हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी हिराबायचा माशांचा वास येणारा हात दोन्ही हातांत धरला.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"डॉक्टरनीला कसा सांगाचा? रागवली असतीस."

"आता?"

"आता तू आमच्यात बसतंस."

हिराबायने पाटी पायाशी ओढून घेतली, बाई तिच्याकडे आणखी सरकल्या आणि म्हणाल्या, "बरं. आणखी काय काय सांगितलं नाहीत?"

माझ्या क्लासमध्ये एकही मशीन वाजत नव्हतं. सगळ्या पोरी कान देऊन ऐकत होत्या, आणि मी कोणालाच ओरडलो नाही.