मुलाखत घ्यायला गेले आणि पोहे आले

सत्तरच्या दशकात मी एम.ए.ला होते. माणसाचं आयुष्य कोणकोणत्या टप्प्यांनी पुढे सरकतं, हे घरोघरी विचारून या, असं आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी सांगितलं. ताकीद एकच. आपण फक्त बघायचं, कुणाच्या आयुष्यात हात घालायचा नाही. असल्या ताकिदी तेव्हा आम्ही फार मनावर घेत असू.

इतवारी बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानदाराकडे मी गेले. घरात कोण कोण, शिक्षण किती, गावाकडे शेती आहे का, मुलीचं वय काय, असे सगळे शास्त्रीय प्रश्न विचारले. आपल्याकडे एवढी चौकशी आणखी कशासाठी करतात, ते मात्र माझ्या शास्त्राच्या डोक्यात आलं नाही. काकांनी आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि काकूंना म्हणाले, "पोहे टाक वं. अन् पोरीले साडी नेसव."

मी घाईघाईने सांगितलं की मी कॉलेजातून आलेय, अभ्यासासाठी. काका समजूतदारपणे हसले. "काहून लपवता, बाई? पोराकडचे असंच काहीतरी सांगून येतात. पोरगा तुमचा भाऊच न?"

माझा भाऊ तेव्हा सातवीत होता.

मुलगी पोहे घेऊन आली. दोघींना बोलता यावं म्हणून रीतीप्रमाणे सगळे बाहेर गेले. दार लोटल्याबरोबर तिचे डोळे भरून आले. "ताई, मले नापसंत करा नं. बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे. परीक्षेच्या आधीच लग्न उरकून टाकतीन हे लोक."

मला सरांचा भयंकर राग आला. म्हणे फक्त बघायचं!

काका परत आले तेव्हा मी मोठ्या माणसासारखा चेहरा केला. "मुलगी छान आहे हो. पण आजकाल पोराकडचे बी.ए. झालेलीच मागतात."

"असं काय?" काका विचारात पडले. "मंग होऊ द्या पहिले बी.ए. लग्नाचं मंग पाहू."

मुलीने मान वर केली नाही. माझ्या बशीत मात्र आणखी पोहे वाढले, आणि मी ते सगळे खाल्ले.

अहवाल सरांना फार आवडला. इतवारीतले व्यापारी आता आपण होऊन मुलींना शिकवू लागले आहेत, असा निष्कर्ष त्यांनी भर वर्गात वाचून दाखवला. मी वाद घातला नाही. पोरगी परीक्षेला बसल्याचं कानावर आलं होतं, याचाच मला आनंद होता. अजूनही आहे.