मागच्या रांगेतला आचारी

सर्जेकोटचा दीपेश तुम्हाला बंदरावर भेटायचा नाही, भेटलाच तर घराच्या पडवीत. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्यानं ट्रॉलरवरचं खलाशाचं काम सोडलं आणि घरी बसून लोकांची फाटकी जाळी सांधायला घेतली. वय चाळिशीला टेकलेलं, लग्न नाही. कोणी विषय काढलाच तर म्हणायचा, "आयेक कोण बघतलो?" विषय तिथंच मिटायचा. हे उत्तर सगळ्यांच्याच सोयीचं होतं, नातेवाइकांच्या तर फारच.

धाकटा भाऊ विनीत अंधेरीला नोकरीत. गणपतीला यायचा, आईच्या उशाशी बसून तिचा हात कुरवाळायचा आणि म्हातारी आठवडाभर खुशीत असायची. तो गेला की पुन्हा रोजचं सुरू, "विनीत कधी येतलो?" दीपेश तिची कूस बदलता बदलता सांगायचा, "येतलो गो आये." अंग पुसणं, पेज भरवणं, गोळ्या, चादरी, सगळं त्याच्याकडे. तिनं त्याला कधी वाईट म्हटलं नाही आणि चांगलंही म्हटलं नाही. पंखा लाव, पेज घाल, पाणी दी, एवढंच. तिनं एकदा आपल्याविषयी काहीतरी बोलावं, एखादंच वाक्य, एवढं दीपेशला हवं होतं. पण तोंडानं मागेल तो दीपेश कसला.

विनीत आपला जुना व्हिडिओ गेमचा डबा घरी टाकून गेला होता. दुपारी आई जागी असली की दीपेश तो टीव्हीला जोडायचा. राज्य हिरावलं गेलेला एक राजपुत्र आणि ते परत मिळवायला त्याच्यासोबत निघालेली माणसं, असा तो लांबलचक गेम. त्या माणसांत एक म्हातारा आचारी होता. लढायबिढायचा नाही. मुक्काम पडला की चूल पेटवायचा आणि जखमी लोकांना गरम काहीतरी पाजायचा. आईला राजपुत्राशी काही देणंघेणं नव्हतं, ती आचाऱ्याची वाट बघायची. "आज काय रांधल्यान?" म्हणून विचारायची. एकदा म्हणाली, "ह्यो बरो मनीस. जेवल्याशिवाय कोणाक सोडणा नाय." दीपेश तेव्हा पेजेची वाटी हातात धरूनच बसला होता. वाटी तिला दिसत नव्हती अशातला भाग नाही.

होळीच्या आधी ती गेली. तोंडात पाणी दीपेशनं घातलं आणि त्या पाण्याबरोबर तिनं विनीतचं नाव घेतलं. विनीत तेव्हा गाडीत होता, चिपळूणच्या अलीकडे. घरी पोचल्यावर तो दाराच्या चौकटीला धरून रडला. दीपेशला रडू आलं नाही. बायका आपसात कुजबुजल्या, की हा दगडच आहे.

सुतकात दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावायचा नव्हता. माणसं भेटायला यायची ती विनीतपाशी बसायची, कारण दीपेशपाशी बसून बोलायचं काय? एका सकाळी त्यानं मागच्या खोलीत आवाज बंद करून गेम लावला. अगदी शेवटचा भाग तेवढा उरला होता. आईच्या त्या आचाऱ्याचं पुढं काय होतं ते बघायचं होतं, बाकी कशात मन नव्हतं.

राजपुत्राला गादी मिळाली. सेनापतीचा सत्कार झाला, राजकन्येला भरपूर रडायला दिलं, घोड्याच्यासुद्धा गळ्यात हार पडला. आचारी दरबारात होता, मागच्या रांगेत, खांबाआड अर्धा. राजा त्याच्यासमोरून चालत गेला. आचाऱ्याला बोलायला काही दिलंच नव्हतं. मग गेम बनवणाऱ्यांची नावं सरकू लागली. दीपेश ती संपेपर्यंत बसला, वाटलं नंतर काही असेल. नव्हतं. त्यानं फोनवर शोधलं तर जगभरचे लोक त्याच गोष्टीवर वैतागले होते, की बाजूच्या पात्रांना शेवटी असं वाऱ्यावर का सोडलं. कोणी रागानं पानभर लिहिलं होतं. दीपेशला राग येईना. त्यानं डबा बंद केला, वायर गुंडाळली आणि पाहुण्यांसाठी चहा ठेवला.

दहाव्याला सगळे किनाऱ्यावर जमले. आईचं क्रियाकर्म धाकट्यानं करायचं अशी रीत, म्हणून धोतर नेसून विनीत बसला होता. पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. मेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल तर कावळा शिवत नाही. मग एकेकानं हात जोडून पुढं व्हायचं आणि वचन द्यायचं. बाबांच्या वेळी कावळे माडावर बसून राहिले होते. काकांनी "होडी इकणार नाय" म्हटलं तेव्हा कुठं एक खाली उतरला.

दीपेश मागं उभा होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी हवंसं वाटत होतं. कावळ्यानं अडून बसावं. विनीत म्हणेल, गणपतीक येयन, तरी शिवू नये. काका घराचं बोलतील, तरी शिवू नये. मग कोणीतरी, नाइलाजानं का होईना, म्हणेल, "दीपेशाची काळजी करू नको, आमी त्येका बघू." आणि तेव्हा कावळ्यानं उतरावं. म्हणजे कळेल, की तिचा जीव शेवटी आपल्यात होता.

विनीतनं पिंड ठेवला आणि मंडळी धड मागंही सरली नव्हती, तोच कावळा उतरला. चोच मारली, भात उचलला आणि गेला. कोणाला तोंड उघडायचीही गरज पडली नाही. भटजी म्हणाले, फार समाधानानं गेली हो बाई. विनीतनं दीपेशला मिठी मारली. "दादा, आये सुखान गेली." सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. दीपेशला आत काहीतरी दुखेल असं वाटलं होतं, पण तिथं काही नव्हतंच.

विनीत समुद्रात बुडी मारून कपडे बदलायला गेला, तेव्हा शेजारची काशीकाकी जवळ आली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तिचो जीव कित्याक अडकतलो रे? तिचा काय बाकी ठेवलंस तू?"

इतकी वर्षं उशाशी बसून ज्या वाक्यासाठी त्यानं कान लावले होते, ते हेच होतं. बोलली मात्र काशीकाकी.

"होय काकी," दीपेश म्हणाला, आणि विनीतचं ओलं धोतर पिळायला घेतलं.