हारातला बुरा

पंचफुलाबाईच्या लेखी जगात दोनच जागा होत्या, पुसलेली आणि पुसायची राहिलेली. तेल्हाऱ्याहून येऊन ती अकोल्याच्या दवाखान्यात आया म्हणून लागली, ऑपरेशनची खोली तिच्याकडे आली, आणि जिवाचं स्वास्थ्य गेलं ते गेलंच. ओलीनं भिंतींना बुरशी धरायची, तिच्या बोलीत बुरा. भाकरीवर येतो तोच. तो उघड्या जखमेत गेला तर माणूस सडतो, असं सिस्टरनं एकदा सांगितलं आणि बाईनं ते गाठीला बांधलं. आधी वरचा दिवा, मग भिंती, मग टेबल, शेवटी फरशी, सगळं कार्बोलिकच्या पाण्यानं. कुणाकडे पाहुणी गेली तरी पदरानं त्यांचं कपाट पुसायची. "पंचफुलाले जिथं तिथं बुराच दिसते," वस्तीतल्या बाया हसायच्या.

एका साली खंडेनवमीला खोलीतल्या अवजारांची पूजा झाली. वॉर्डबॉय केशवराव फुलमळेवाल्यांच्या घरचा. त्यानं टेबलावरच्या दिव्याला झेंडूचा जाडजूड हार बांधला. दसरा झाला, बाकीची फुलं निघाली, पण हा हार तो काढू देईना. त्याच टेबलावर त्याच्या बायकोच्या, माणिकबाईच्या पोटाचं ऑपरेशन होणार होतं. तोवर देवाचा हात वर असावा, एवढंच बिचाऱ्याचं म्हणणं.

त्यात परतीचा पाऊस लागला. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी बाईनं दिवा पुसायला हात वर केला तर हाराच्या पोटात पांढरी लव! खाली पुसलेल्या टेबलावर तिचीच भुकटी. हार काढावा तर लोक म्हणतील, छप्पन साली बुद्धाकडे गेली, आता आमच्या देवावर उठली. न काढावा तर माणिकबाईचं काय? कितीतरी वेळ ती आत-बाहेर करत राहिली. शेवटी तिनं केशवरावला गाठलं.

"भाऊ, तुह्या हारात बुरा हाय."

"देवाच्या हारात काय बुरा हाय?" तो भडकला. "तुमी लोकाईनं देव सोडले, आता आमचेबी सोडवता?"

मेल्यानं हिंदीतला बुरा ऐकला होता! बाईचं डोकं फिरलं. "अरे, भाकरीवरचा बुरा! तुह्या बायकोच्या पोटात जाईन तो!" म्हणत ती स्टुलावर चढली, हार सोडला आणि त्याच्या हातात ठेवला.

केशवरावनं हार उलटा केला. बोटं पांढरी झाली. तो हार बाहेर ठेवून आला आणि बादली भरायला गेला. दिवसभर तो पाणी आणत होता, ती पुसत होती.

माणिकबाईचे टाके सुकेपर्यंत दोघांनाही घास गोड लागला नाही. टाके मात्र स्वच्छ सुकले.

पुढच्या खंडेनवमीला केशवराव ताजा हार घेऊन खोलीच्या दाराबाहेरच उभा राहिला.

"बाई, तूच सांग, कुठं बांधू?"

पंचफुलाबाईनं बाहेरच्या चौकटीकडे बोट केलं. तो चढला, तिनं स्टूल घट्ट धरलं. आणि तो उतरल्याबरोबर पुसून काढलं.