आमच्या चर्चमधली दुसरी पंगत

दुपारपासून मन कडू झालंय, म्हणून तुमच्यापाशी लिहिते.

थळजवळच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये नव्याने येणाऱ्यांना मी दर रविवारी विश्वासाची ओळख करून देते. आज सांगितलं, येशू हाच देवाने पाठवलेला मशीहा आणि त्याच्या राज्यात कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. कातकरवाडीवरून पहिल्यांदाच आलेल्या जानकीताई मन लावून ऐकत होत्या.

मग जेवणं झाली. जुन्यांची पंगत आत, पंख्याखाली. नव्यांना बाहेर ओट्यावर, कागदी ताटल्यांत.

जानकीताई हसत म्हणाल्या, "ताई, ते राज्य अजून पोचलेलं न्हाय वाटतं."

मी आतलं माझं ताट उचलून बाहेर निघाले, तर पंगतीत वाढणाऱ्या माझ्या बाबांनी हात धरला. "गप बस गो. आपल्याला आतल्या पंगतीत घ्यायला किती वर्षं लागली, तुला म्हाईत न्हाय. उद्या आपल्यालापन बाहेर बसवतील."

मी बाहेरच जेवले. बाबा तेव्हापासून बोलत नाहीत.

माझा राग त्यांच्यावर नाही. मशीहाचं नाव घेत ज्यांनी त्यांना इतकं भिऊन राहायला शिकवलं, त्यांच्यावर आहे.

पुढच्या रविवारी जानकीताई आल्या, तर त्यांना मी कुठे बसा म्हणू?